पाठमोरे डॉक्टर

आमचे डॉक्टर निवृत्त होऊन नागपूरला परत गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. इकडे कुठेही चार मराठी माणसं जमली आणि त्यांचा विषय निघाला की सगळे फार गोड बोलतात. "देवमाणूस हो!" "मुलांवर काय जीव होता त्यांचा!" परवा वॉटफर्डला एका बारशात हेच ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवमाणूस वगैरे काही नव्हते ते. तिरसट होते, हट्टी होते, चारचौघांत पाणउतारा करायचे, आणि एका गोष्टीसाठी माझा त्यांच्यावर अजूनही राग आहे. पण गोड बोलण्याची त्यांना जेवढी चीड होती तेवढी कशाचीच नव्हती. त्याच माणसाला त्याच्या माघारी पाकात घोळून ठेवलेलं मला बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्याची फिजिओ. नवऱ्याला ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं म्हणून त्याच्यामागे आले, वर्षभर भाड्याच्या घराच्या भिंती बघितल्या, आणि मग लंडनच्या वायव्येला एका हॉस्पिटलात रिसर्च कोऑर्डिनेटरची जागा निघाली ती धरली. मुलांच्या आणि मोठ्यांच्या टिक्सवर नवीन औषधं तपासायचं ते युनिट होतं, आणि डॉक्टर त्याचे प्रमुख.

इंटरव्ह्यूला खोलीत शिरले तर साहेब खिडकीकडे तोंड करून बसलेले. मांडीवर स्टीलचं पातेलं, शेजारी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. "बसा. बोला," एवढंच म्हणाले. मी वाट बघितली. माणूस वळेच ना. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात टण् टण् टाकायचे, साल दुसऱ्या पिशवीत, हे आपलं सुरूच.

"सर, तुम्ही बिझी असाल तर मी बाहेर थांबते," मी म्हटलं.

"बिझी कशाचा? ऐकून राहिलो ना मी. ऐकायला तोंड लागतं का?"

आता मी काही गरीब गाय नाही. "मला पाठीशी बोलायची सवय नाही," म्हटलं, "वळायचं असेल तेव्हा सांगा." आणि पर्स उचलली. तेव्हा ते हसले. हसले तेही खिडकीकडे बघूनच. नोकरी मला मिळाली. माझ्याआधी आलेल्या सगळ्यांनी "नो प्रॉब्लेम, डॉक्टर" म्हणत त्या पाठीला शहाण्यासारखी उत्तरं दिली होती, हे मला नंतर कळलं.

ती पाठ करून बसण्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण बाहेर त्याचंच जास्त हसं व्हायचं.

टिक म्हणजे पापण्या फडफडणं, खांदा उडणं, मान झटकली जाणं, घशातून एखादा आवाज निघणं. माणूस ते मुद्दाम करत नाही. शिंक येण्याआधी नाकात जसं हुळहुळतं तसं त्याला आतून काहीतरी होतं आणि ती हालचाल केल्याशिवाय सुटका नसते. थोडा वेळ दाबता येतं. पण दाबलेलं सगळं नंतर दामदुपटीने बाहेर पडतं. आणि समोर कोणी टक लावून बसलं की सगळाच घोळ. काही मुलं घाबरून दाबून धरतात, काहींचं उलट दुप्पट होतं. म्हणजे डॉक्टरने बघितलं की जे बघायचं तेच दिसेनासं होतं. यावर बाकीच्या डॉक्टरांनी सौम्य नजर, तिरपी नजर, काय काय उपाय काढले होते. आमच्या डॉक्टरांनी सरळ पाठ केली.

ते कानाने ओळखायचे. खुर्चीची करकर, जॅकेटची सळसळ, श्वास अडकल्याचा बारीक आवाज. "मान," असं पुटपुटायचे आणि शेंग फोडायचे. "परत मान. हा खांदा." रुग्णापुढेही शेंगांचा ढीग आणि एक वाडगा ठेवलेला असायचा. हात कामात गुंतले की मान आपलं आपलं मोकळं वागते, असं त्यांचं म्हणणं. थंडीत ईलिंग रोडच्या गुजराती दुकानात ओल्या तुरी येत, एरवी मटार. तुरीच्या दिवसांत त्यांचा मूड बरा असायचा, कारण संध्याकाळी घरी त्याच दाण्यांचा सोलेभात. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं, स्वयंपाक स्वतः करत.

पहिल्यांदा आलेले आईबाप भयंकर चिडायचे. एका इंग्रज बाईंनी लेखी तक्रारच केली, की आम्ही इतक्या लांबून आलो आणि या गृहस्थांनी आमच्या मुलीकडे एकदाही बघितलं नाही. इन्फेक्शन कंट्रोलची नर्स तर दर महिन्याला यायची. "डॉक्टर, धिस इज अ क्लिनिकल एरिया," ती म्हणायची. "देन वॉश युअर हँड्स अँड सिट डाउन," म्हणत ते तिच्याही पुढे शेंगा सरकवायचे. शेवटी शेंगा धुवून आणायच्या आणि सालांची पिशवी लगेच बाहेर न्यायची, यावर तह झाला. पिशवी अर्थातच मी न्यायची.

त्यांच्या खोलीत दोन शब्दांना बंदी होती. "नीट बस." मराठी आईबापांच्या तोंडून हे शब्द श्वासासारखे जातात, त्यांनाही कळत नाही. आम्ही सगळेच त्यावर वाढलो. पण कोणी म्हटलं रे म्हटलं की डॉक्टर पातेलं खाली ठेवायचे. "बाहेर!" ते मूल आतच राहायचं, आईबाप कॉरिडॉरमध्ये. एकदा एका बऱ्यापैकी नावाजलेल्या बँकेतल्या बाबाला त्यांनी असं बाहेर काढलं, आणि तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, मी बाप आहे त्याचा." मी म्हटलं, "मग जरा वेळ बाहेर बसून बघा, कसं वाटतं." एवढ्यापुरतं आमचं दोघांचं जमायचं.

संक्रांतीला कोणी तिळगूळ दिला की तो तोंडात टाकून म्हणायचे, "खाल्लं गोड. बोलायचं नाही जमणार." लोकांना ही गंमत वाटायची. गंमत नव्हती.

औषधांबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं. "गप्प बसवायचं औषध केव्हाच निघालंय बाप्पा, मला जागं ठेवणारं पाहिजे." टिक्सवरची जुनी औषधं टिक्स कमी करतात हे खरंच. पण त्यासोबत मूल पेंगायला लागतं, वजन वाढतं, वर्गात बसल्या जागी शून्यात बघतं. मग शाळा खूश, आईबाप खूश. "झोपलेलं पोर शांत असतं, बरं नसतं," असं ते परिषदांमध्ये तोंडावर सांगायचे, आणि म्हणून त्यांना परिषदांना फारसं कोणी बोलवत नसे. वीस-पंचवीस वर्षं या माणसाने अशा एका औषधाची वाट बघितली होती जे टिक्सना हात लावील पण माणसाला लावणार नाही. आणि त्या वर्षी एका कंपनीने तसं काहीतरी आणलं.

ट्रायलची रीत साधी असते. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साखरेची गोळी. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना आम्हाला. शेवटी बघायचं, औषधवाल्यांना साखरवाल्यांपेक्षा जास्त फरक पडला का. दर भेटीला रुग्णाला एका रिकाम्या खोलीत एकटं बसवून कॅमेरा सुरू करायचा आणि आम्ही सगळ्यांनी बाहेर जायचं. ती टेप मग दुसऱ्याच गावी बसलेली माणसं बघतात आणि टिक्स मोजतात.

रुग्ण पुरेसे मिळेनात. तेव्हा डॉक्टरांनी जे केलं त्याच्यावर मी आजही बोट ठेवते. ते वेम्बलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी लोकांच्या हळदीकुंकवाला गेले आणि उभं राहून मराठीत टिक्सवर बोलले. घरोघरी झाकून ठेवलेली मुलं होती. कोणाची मान, कोणाचा आवाज, कोणाला पाहुणे आले की वरच्या खोलीत पाठवलेलं. आणि इथे इंग्लंडमध्ये एक मोठा डॉक्टर आपल्या भाषेत सांगतो आहे की यात लाजण्यासारखं काही नाही! बाया रडल्या. पुढच्या आठवड्यात आमचा फोन थांबेना. आणि फोनच्या पाठोपाठ डबे. पुरणपोळ्या, चकल्या, गणपतीच्या आरतीचा मान. डॉक्टर आता "आपले डॉक्टर" झाले. डबे ते घ्यायचे. खायचेही.

कंपनीच्या एक बाई दर काही आठवड्यांनी कामावर देखरेख करायला यायच्या. आमचे आकडे बघून त्यांचा चेहरा फुलायचा. "युअर इंडियन फॅमिलीज आर वंडरफुल. सो कम्प्लायंट!" एकही भेट चुकवत नाहीत, एकही गोळी विसरत नाहीत, एकही तक्रार नाही. मला ते कौतुक ऐकून कसंतरी व्हायचं. चांगल्या वळणाच्या जनावरांबद्दल बोलावं तसं ते होतं. डॉक्टर खिडकीकडे बघूनच म्हणाले, "मॅडम, गिव्ह मी वन फॅमिली दॅट कम्प्लेन्स." बाई हसल्या. त्यांनाही गंमतच वाटली.

तक्रार करणारा एक होता आमच्याकडे. हेमेल हेम्पस्टेडचा एक बस ड्रायव्हर, पन्नाशीचा. तो दर भेटीला आल्या आल्या डॉक्टरांच्या पाठीला शिव्या घालायचा. तोंड कोरडं पडतं, गोळी कडू आहे, पार्किंग भिकार आहे. पण डोळ्यांच्या टिक्स कमी झाल्यात आणि कित्येक वर्षांनी पेपर सलग वाचता आला, हेही त्याच शिव्यांमध्ये सांगायचा. डॉक्टर त्याच्यावर जाम खूश.

आणि आमच्या मराठी घरांमधली ती पोरगी. सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षाला. वडील वेम्बलीत अकाउंटंट, आई शाळेत मदतनीस. पोरीची टिक मानेची होती. मान मागे अशी झटकली जायची की बघणाऱ्याच्याच मानेत कळ यावी. पण पोरगी मोठी तिखट. पहिल्याच भेटीला डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, तुमची बीन्स खूप बोअरिंग आहे. यू नो यू कॅन बाय देम फ्रोझन, राइट?" दिवसभर मोबाइलवर मेसेज करून करून तिच्या अंगठ्यांना असा वेग होता की डॉक्टरांचा अर्धा वाडगा होईपर्यंत तिचा भरायचा. ते तिला चिडवायचे, ती त्यांना. बोलता बोलता मान खाडकन मागे जायची आणि कोणी तिकडे बघत नसायचं. एकदा जाताना मला म्हणाली, "धिस इज द ओन्ली रूम जिथे मी नॉर्मल आहे."

औषध सुरू झाल्यावर तिच्यात जादूच झाली. टेपवर पोरगी शांत. मान जागच्या जागी. वडील हात जोडून म्हणायचे, "सर, तुमच्यामुळे माझी मुलगी मला परत मिळाली." कंपनीच्या बाईंनी तर तिच्या टेपबद्दल मुद्दाम ईमेल केला. फक्त त्या खोलीत ती पूर्वीसारखी बडबड करेना. परीक्षेचं टेन्शन असेल, असं आई म्हणाली.

मग जानेवारीतली ती भेट.

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून, तुरीच्या शेंगा आलेल्या. पोरगी वाडग्यापुढे, तिच्या दोन्ही बाजूंना आईवडील. मी समोर बसून नेहमीचे प्रश्न विचारत होते. झोप? "छान." भूक? "एकदम मस्त." हातापायांना मुंग्या, बधिरपणा? "नाही नाही, कसलाच त्रास नाही," वडील म्हणाले. हे सगळं मी पोरीला विचारत होते आणि उत्तरं वडील देत होते. मी म्हटलं, "तिला बोलू द्या ना." ते हसून म्हणाले, "अहो, ती लाजते."

तेवढ्यात काहीतरी जमिनीवर पडलं. बारीकसा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. डॉक्टरांचे हात थांबले.

"काय पडलं?"

"नथिंग. सॉरी डॉक्टर, मी उचलते."

"उचलू नको. दुसरी सोल."

शेंग चिरडल्याचा आवाज आला, आणि दाणे वाडग्यात पडायच्या ऐवजी फरशीवर पडून घरंगळत गेले.

आणि डॉक्टर वळले. इतकी वर्षं मी त्या खोलीत काम केलं, रुग्ण समोर असताना त्यांना वळलेलं कधी बघितलं नव्हतं. पोरीने त्यांच्याकडे बघितलं आणि घाबरून आणखीच ताठ बसली.

"डोळे मिट," ते म्हणाले. तिच्या डाव्या तळहातावर त्यांनी एक शेंग ठेवली. "हातात काय आहे?"

तिने डोळे मिटलेलेच ठेवून मान वडिलांकडे वळवली.

"बापाकडे नको पाहू!"

"आय डोन्ट नो," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला नाही कळत. ख्रिसमसच्या आधीपासून नाही कळत. पेन पण पडते."

मग सगळं बाहेर आलं. मान काही थांबली नव्हती. घरी पूर्वीपेक्षा वाढली होती. इथे यायचं म्हटलं की ती आदल्या दिवसापासून दाबायला लागायची, कॅमेऱ्यासमोर जीव मुठीत धरून बसायची, आणि टेप संपली की हॉस्पिटलच्या टॉयलेटमध्ये जाऊन मान झटकत राहायची, आई दाराबाहेर उभी. मग गाडीत. मग घरी. दाबून सोडलेली ती मान इतकी जोरात जायची की मणक्यात इजा झाली होती, हे स्कॅननंतर कळलं.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"बाबा म्हणाले, डॉक्टरनी आपल्यासाठी एवढं केलं. डोन्ट मेक हिम फील बॅड."

वडील उभे राहिले. पांढरेफटक पडले होते. वाईट माणूस नव्हता तो. हात जोडून म्हणाले, "सर, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फक्त. आपला माणूस एवढं झटतोय..."

"मला वाईट वाटावं म्हणूनच तर हे सगळं मांडलं ना!" डॉक्टर असे ओरडले की कॉरिडॉरमधली माणसं दारात आली. "माझ्या मनाची कोणी काळजी करा म्हटलं होतं? पोरीचे हात गेले, हात! मला खूश ठेवाले!"

त्या वेळी एवढंच झालं. कॉलर घातली, स्कॅनला नेलं, मज्जारज्जूवर दाब आला होता, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. थोडा उशीर झाला असता तर पायही गेले असते, असं सर्जन म्हणाला. अशा वेळी ट्रायलचं गुपित फोडायची परवानगी असते. मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं: साखरेची गोळी. जादू झाली, मुलगी परत मिळाली, ईमेलवर कौतुक झालं, ते सगळं साखरेच्या गोळीवर आणि चांगल्या वळणावर.

संध्याकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते नेहमीसारखे पाठमोरे. पातेलं रिकामं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, एकदा, फक्त एकदा वळून बघितलं असतंत तर? ती कशी ताठ बसते ते मला दिसत होतं, मला वाटलं परीक्षेचं टेन्शन. तुम्हाला नुसतं बघूनही कळलं असतं. आणि हळदीकुंकवाला जाऊन आपला माणूस कोण झालं? डबे कोणी खाल्ले? लोकांचं मीठ खायचं आणि मग त्यांनी खरं तोंडावर सांगावं अशी अपेक्षा करायची? आपली माणसं आपल्या माणसाला कधी खरं सांगतात का?"

ते म्हणाले, "वळलो असतो तर तिनं आणखीन दाबलं असतं."

"ती दाबतच होती."

त्यांनी पाठ केली म्हणून दाणे पडल्याचं त्यांना ऐकू आलं, हे मला मान्य आहे. त्यांनी पाठ केली म्हणून त्याआधीचं काही दिसलं नाही, हेही तितकंच खरं आहे. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात तेव्हा यातलं पहिलं सांगतात आणि दुसरं गिळतात. माझा राग त्यावर आहे.

पण पुढे कंपनीने जे केलं त्यापुढे आमचं भांडण म्हणजे काहीच नाही. डॉक्टरांनी कळवलं की या मुलीची टेप खोटी आहे, ती आकड्यांतून काढा, आणि आमच्याकडच्या सगळ्या घरांना पुन्हा नीट विचारून घेऊ द्या. त्या हसऱ्या बाई आल्या, या वेळी दोन कोटवाल्यांना घेऊन. त्यांनी समजावून सांगितलं की नियमाप्रमाणे असं कोणाला मधूनच काढता येत नाही. रुग्ण मध्येच सोडून गेला तर त्याचा शेवटचा आकडा तसाच शेवटपर्यंत पुढे न्यायचा असतो. म्हणजे पोरगी हॉस्पिटलात गळ्याला कॉलर लावून पडलेली, आणि कागदावर तिची मान शांत. तिला फरक पडला! अगदी शेवटपर्यंत पडला!

डॉक्टरांनी विचारलं, "अँड इफ शी हॅड डाइड? स्टिल इम्प्रूव्ड?"

कोटवाल्यांपैकी एकाने चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टरांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे फिरवली आणि बसले. मीटिंग संपली. त्या तिघांना उठून जायला फार वेळ लागला, कारण पाठीचा निरोप कसा घ्यायचा हे त्यांना कळेना.

निकाल आला तेव्हा औषधवाले आणि साखरवाले दोघेही सारखेच सुधारले होते. साखरवाले फारच सुधारले होते. साहजिकच आहे, त्यांच्यात किती घरं डॉक्टरांचं मन राखत होती कोण जाणे. दोन्हींत फरक नाही म्हणजे औषधात दम नाही, असा अर्थ निघतो. कंपनीने ते औषध गुंडाळून ठेवलं. ते चांगलं होतं का? मला माहीत नाही, आता कोणालाच कळणार नाही. मला एवढंच माहीत आहे की हेमेल हेम्पस्टेडच्या ड्रायव्हरला खरं औषध मिळालं होतं. त्याला गोळ्या बंद झाल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा त्या माणसाने पहिल्यांदाच शिवी दिली नाही. "बट आय टोल्ड यू इट वर्क्ड," एवढंच म्हणाला. हो, सांगितलं होतं. एकट्याने खरं सांगितलं होतं, आणि आमच्या सगळ्या सभ्य माणसांनी मिळून त्याचं औषध बुडवलं. ज्या पोरीला त्या औषधाची सगळ्यात जास्त गरज होती तिचंही तेच बुडालं, आणि तेही तिच्याच हातून.

त्यानंतर तीनेक वर्षांत डॉक्टर निवृत्त झाले. निरोप समारंभ वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये, मराठी मंडळींनी केलेला. त्यांना नको होता. पण "सर, नाही म्हणू नका" म्हणत ओढून आणलं. स्टेजखाली पहिल्या रांगेत मोठी खुर्ची, हार, शाल. भाषणं सुरू झाली. एकजण म्हणाले, "सरांमुळे आपल्या कितीतरी मुलांना फरक पडला."

"कोणाला?" डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले.

"अं?"

"कोणाला पडला? नाव सांगा एक."

लोक हसले. सरांचा विनोद! वक्त्यांनी घाम पुसला आणि पुढचं पान काढलं. डॉक्टरांचा जबडा मला लांबून दिसत होता.

तेवढ्यात ती पोरगी आली. युनिव्हर्सिटीतून थेट, पाठीला सॅक, हातात ईलिंग रोडची प्लास्टिकची पिशवी. पहिल्या रांगेत डॉक्टरांशेजारची खुर्ची तिने ओढून घेतली. भाषण सुरूच. तिची मान मागे गेली. पूर्वीइतकी जोरात नाही, पण गेली. पाठोपाठ घशातून आवाज. वक्ते थबकले. माना वळल्या. मागच्या रांगेत तिची आई बसली होती, तिचा हात पोरीच्या खांद्याकडे निघाला, "नी..." असं तोंडातून आलंही, आणि तिने तो हात तसाच मागे घेतला.

डॉक्टर उठले. हारासकट. आपली ती मोठी खुर्ची त्यांनी फरशीवरून करकर करत फिरवली आणि सगळ्या हॉलकडे पाठ करून बसले. पोरीनेही खुर्ची फिरवली. पिशवीतून तुरीच्या शेंगा निघाल्या. टेबलावरच्या बुंदीच्या वाडग्यातली बुंदी डॉक्टरांनी एका ताटात ओतली आणि रिकामा वाडगा दोघांच्या मध्ये ठेवला.

"सर, इकडे..." वक्ते म्हणाले.

"बोला बोला. ऐकून राहिलो."

माझ्या बाजूला कोणीतरी म्हणालं, "हा काय उद्धटपणा!" मला त्या माणसाचा एवढा राग आला की मी उठून पुढे जाऊन बसले. त्यामुळे पुढचं मला नीट ऐकू आलं.

"किती बोटं आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन नाही आली. शेवटची दोन. दे सेड दॅट्स इट."

"आणि मान?"

"तशीच आहे. नवीन मेडिसिनने झोप येते. फरक नाही पडली, डॉक्टर. नॉट इव्हन अ बिट."

"हं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत हा पहिला खरा आकडा."

तिने शेंग फोडली. उजव्या हाताने नीट, डाव्याने नाही. दाणे वाडग्याच्या काठावर आपटले आणि फरशीवर सांडले, काही घरंगळत पार दुसऱ्या रांगेपर्यंत आले. तिथले एक सज्जन लगबगीने वाकले. "असू दे बेटा, काही नाही झालं, आम्ही उचलतो हं."

"उचलू नका!" डॉक्टर पाठमोरेच गरजले. "काही नाही कसं झालं? राहू द्या तिथंच. दिसू द्या सगळ्यांना."

वाकलेले सज्जन तसेच सरळ झाले. वक्त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. पोरीने पुढची शेंग उचलली, मान खाडकन मागे गेली, आणखी दोन दाणे पडले. हॉलभर माणसं त्या फरशीवरच्या दाण्यांकडे बघत बसली, आणि कोणालाही काही गोड बोलायला सुचेना.